क्लच सुटत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी मोजपट्टी घ्या

वाचकांचे प्रश्न : जुन्या फोर-बाय-फोर गाड्या

पाऊस सुरू झाला की सातारा-सांगलीकडून येणाऱ्या पत्रांत क्लचची पत्रं वाढतात. चिखल, घाट आणि वर्षभर उभी राहून दोन महिने राबणारी गाडी हे तिन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार! या वेळी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचचीच पत्रं निवडली आहेत. पत्रांतली गाड्यांची नावं मुद्दाम काढली आहेत, कारण हे दोष वीस-पंचवीस वर्षांच्या रबराचे आणि लोखंडाचे आहेत, अमुक कंपनीचे नाहीत. जिप्सीवाल्यांनी मात्र हे पान उलटलं तरी चालेल. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो, तिथे तेलाचा संबंधच येत नाही.

प्रश्न : माझी १९९९ ची डिझेल फोर-बाय-फोर आहे. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज येतो. पेडल तीन-चार वेळा पंप केलं की गिअर गुपचूप पडतो. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबलो तर थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला लागते. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण सेट बदलू. करू का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : इतक्यात नको. पंप केल्यावर गिअर पडतो, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. प्लेट घासली की क्लच स्लिप मारतो, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. तुमचं उलटं आहे. तुमचा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण वेगळे होत नाहीत. आणि लोखंडातला बिघाड सहसा पेडल पंप करून बरा होत नाही. पंप करून बरं होतं ते तेल.

हायड्रॉलिक क्लचचे दोन भाग समजा. पेडल, मास्टर सिलिंडर (पेडलपाशी तेल ढकलणारा), पाइप, रबरी होज आणि स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाने गिअरबॉक्सपाशी दांडा ढकलणारा) ही तेलाची बाजू. फोर्क (स्लेव्हच्या दांड्याने हलणारी तरफ), रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग ही लोखंडाची बाजू. दोन्हींची गाठ पडते ती स्लेव्हच्या दांड्यावर, आणि तुमच्यासारख्या बाहेरून स्लेव्ह बसवलेल्या गाडीत हा दांडा खालून स्पष्ट दिसतो. म्हणून भांडण कुठलं ते तिथेच मोजायचं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. फोर्कच्या टोकाला खडूची एक रेघ मारा आणि स्लेव्हच्या बॉडीला टेकवून पोलादी पट्टी धरा. दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगा. रेघ किती सरकली? या पद्धतीच्या जुन्या गाड्यांत हा आकडा साधारण १२ ते १८ मिलिमीटरच्या दरम्यान येतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. फोर्क आणि स्लेव्हच्या मध्ये बोट घालू नका, तिथला जोर बोटाचं हाड ठेवत नाही.

आठ-नऊच मिलिमीटर सरकत असेल तर बिघाड तेलाच्या बाजूला आहे आणि गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. दांडा पुरेसा सरकूनही रिव्हर्स करकरत असेल, तरच लोखंडाकडे वळा. फोर्क वाकलेला किंवा तडकलेला असतो, फोर्कचा पिव्हट झिजलेला असतो, पायलट बेअरिंग जाम असतं, किंवा प्लेट वाकडी झालेली असते.

आता मोजणीचा दुसरा भाग. हा बहुतेक जण विसरतात. पेडल दाबलेलंच ठेवून मिनिटभर थांबा आणि रेघेकडे पाहत राहा. पाय हलला नाही तरी दांडा हळूहळू मागे येत असेल तर दाब कुठून तरी निसटतोय. सिग्नलला गाडी सरकते ती यामुळेच. पायाखाली पेडल थोडं थोडं खचतानाही जाणवेल. मास्टरला तेल पुरवणाऱ्या डबीतली पातळी कमी होत नाही आणि बाहेर कुठे ओल नाही, तर मास्टरच्या आतल्या कप वायसरला, म्हणजे पिस्टनवरच्या रबरी सीलला, कड राहिलेली नाही. तेल वायसरला वळसा घालून परत डबीत जातं.

ओल शोधायच्या जागा दोन. पहिली केबिनमध्ये: पेडलच्या वर डोकं घालून बॅटरी मारा आणि मास्टरचा पुशरॉड जिथून फायरवॉलमध्ये शिरतो तिथलं बूट बोटाने चाचपून बघा. चिकट ओल लागली, पेडलच्या दांड्यावर ओघळ दिसला किंवा फायरवॉलचा रंग फुगून पापुद्रे सुटले असतील तर मास्टरचं मागचं सील गेलं. दुसरी स्लेव्हवर: रबरी बूट स्क्रूड्रायव्हरने अलगद मागे सारा. आत नुसती धूळ असेल तर ठीक. काळी, ओली, काजळासारखी लगदी असेल तर वायसर संपला. असा स्लेव्ह तेल गाळण्याआधी हवा आत ओढायला लागतो, म्हणून रात्रभर उभ्या गाडीचं पहिलं पेडल पोकळ लागतं.

मास्टर की स्लेव्ह, याचा निकाल एका बोल्टवर लागतो. मास्टरच्या तोंडाचा पाइप सोडून तिथे त्याच आट्याचा बंद बोल्ट घट्ट बसवा, बोल्ट किंचित ढिला ठेवून हवा काढा, मग आवळा. आता पेडल वरच्या वर दगडासारखं लागून मिनिटभर तसंच टिकलं तर मास्टर निर्दोष. खचलं तर मास्टरच दोषी. काही जण त्याऐवजी रबरी होज क्लॅम्पने दाबतात. होज बदलणारच असाल तर ठीक, नाहीतर पंचवीस वर्षांची होज चिमटली की आतून फाटते.

आणखी एक. तुमच्या वयाच्या गाडीत पेडल आणि पुशरॉड जोडणारी पिन झिजून भोक लंबगोल झालेलं असतं. पेडलची तरफ साधारण पाच-सहास एक असते, म्हणजे पिनपाशी ३ मिलिमीटर ढिलेपणा असला तर पायाखालचे १५ ते १८ मिलिमीटर फुकट गेले. कोणाला तरी पेडल दाबायला सांगून बॉनेटमधून मास्टरकडे बघा. मास्टरची बॉडीच पुढे ढकलली जात असेल तर फायरवॉलचा पत्रा तडकलाय. मग नव्या मास्टरचा उपयोग नाही, आधी वेल्डिंगवाल्याकडे.

किट (आतल्या रबरांचा संच) टाकायचं की सिलिंडर बदलायचा? पिस्टन काढून बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, स्वच्छ पुसा आणि नख फिरवा. नख अडकलं तर किट दोन महिन्यांत पुन्हा गळेल, सिलिंडरच बदला. ओतीव लोखंडाच्या बोअरला हलकं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) चालतं, ॲल्युमिनियमच्या बोअरला करायचं नाही. त्याचा वरचा कठीण थर निघून जातो. वायसर बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं तांबडं ग्रीस लावा. चेसीचं ग्रीस लावलं की काय होतं ते पुढे तासगावच्या पत्रात वाचा.

प्रश्न : स्लेव्ह गळत होता म्हणून नवा टाकला. दिसायला जुन्यासारखाच, बोल्टही बरोबर बसले. तीन वेळा ब्लीडिंग केलं, म्हणजे तेलातली हवा काढली, बाटलीभर तेल गेलं, तरी क्लच पूर्वीसारखा सुटत नाही. नवा पार्ट खराब निघाला का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : पार्ट बहुधा चांगला आहे, फक्त तुमच्या गाडीचा नाही. जुन्या स्लेव्हच्या बॉडीवर ओतलेला बोअरचा आकडा बघा आणि नव्याशी ताडून पाहा. आकडा पुसला असेल तर पिस्टन व्हर्नियरने मोजा.

हिशेब असा आहे. मास्टरचा बोअर ५/८ इंच (१५.९ मिमी) आणि स्लेव्हचा ३/४ इंच (१९ मिमी) असेल, तर मास्टरचा पिस्टन २५ मिमी आत गेल्यावर स्लेव्हचा साधारण १७.४ मिमी बाहेर येतो. त्याच जागी १३/१६ इंचाचा (२०.६ मिमी) स्लेव्ह बसला, तर तेवढ्याच तेलात तो १४.८ मिमीच येतो. बाहेरून पाहता फरक दीड मिलिमीटरचा, पण दांड्याची चाल अडीच मिलिमीटरहून जास्त घटली. क्लच अर्धवट सुटायला एवढं पुरतं. ब्लीडिंग कितीही वेळा केलं तरी ही तूट भरून निघणार नाही. उलट, लहान बोअरचा स्लेव्ह बसला तर पेडल जड होतं आणि चाल वाढून प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमच्या पाकळ्या नको तेवढ्या आत दाबल्या जातात. तेही बरं नाही.

बोअर जुळत असेल तर निपलकडे, म्हणजे स्लेव्हवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूकडे बघा. हवा वर चढते, त्यामुळे निपल स्लेव्हच्या सगळ्यात उंच बाजूलाच हवा. काही स्लेव्ह उलटेही बसतात: निपल खाली, पाइप वर. मग तुम्ही तेल काढत राहता आणि हवा वर निवांत बसून राहते. जागा बदलता येत नसेल तर स्लेव्ह सोडा, पिस्टन पूर्ण आत दाबून जी-क्लॅम्पने धरा, निपल वर येईल असा तिरपा करा आणि तसंच ब्लीडिंग करा. क्लॅम्पशिवाय पेडल दाबलं तर पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येईल.

ब्लीडिंग दोघांचं काम आहे. निपलवर रिंग पाना अडकवा (बहुतेक ठिकाणी ८ किंवा १० नंबर), त्यावर पारदर्शक नळी घट्ट चढवा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या दोन बोटं ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेला पेडल सावकाश दाबून धरतो आणि सांगतो, "दाबलं." खालचा निपल पाव आटा सोडतो, बुडबुडे निघतात, पेडल खाली टेकतं, निपल बंद होतो. मग खालचा म्हणतो, "सोड." निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला की काढलेली हवा आट्यांतून परत आत. आमच्या मते "तीन वेळा केलं, जमलं नाही" यातल्या निम्म्या तक्रारी या हाकाहाकीतल्या गडबडीच्या असतात. डबी एक तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका. झपाझप पंप करू नका, तेलाचा फेस होतो आणि फेस बसायला तासभर लागतो. सगळं करून अर्ध्या लिटरचा डबा पुरायला हवा.

एकटेच असाल तर निपल सोडून नुसतं थेंब थेंब तेल गळू द्या. पंधरा-वीस मिनिटं डबी भरत राहायचं. तरी हट्टी हवा राहिली तर नवी, मोठी सिरिंज घेऊन निपलमधून खालून वर तेल ढकला. आधी डबीतलं जुनं तेल उपसा, नाहीतर बॅटरीवर आणि रंगावर सांडेल. रंगावर सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न : यवतेश्वर घाट चढून कासला जाताना क्लच स्लिप मारायला लागतो. अर्धा तास थांबलं की एकदम ठीक. प्लेट सहा महिन्यांपूर्वीच बदलली आहे. पेडल मात्र आता छान वरच्या वर, कडक लागतं.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ते "छान कडक" पेडलच संशयित आहे. प्लेट बदलताना कोणीतरी पुशरॉड लांब करून पेडल वर आणलं असणार.

मास्टरमध्ये डबीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण सुटलं की पिस्टन त्या छिद्राच्या मागे सरकतो आणि तापून वाढलेलं तेल डबीत परत जातं. पुशरॉडला मोकळीक नसेल तर वायसर छिद्रावरच बसून राहतो. घाटात बेल हाउसिंग (क्लचवरचं आवरण) तापतं, तेल फुगतं, त्याला वाट मिळत नाही, स्लेव्ह फोर्कला किंचित दाबून धरतो. म्हणजे पाय काढलेला असूनही क्लच थोडा दाबलेलाच. मग स्लिप, स्लिपने आणखी उष्णता, आणि चक्र सुरू. गाडी गार झाली की सगळं निर्दोष दिसतं, म्हणून गॅरेजमध्ये हा दोष सापडत नाही.

तपासायचं ते स्लिप मारत असतानाच. रस्त्याच्या कडेला, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, इंजिन बंद करा. डोळ्यांवर चष्मा हवा. आधी मास्टरच्या तोंडाचं पाइपाचं युनियन, भोवती फडकं धरून, जरासं ढिलं करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि फोर्क मागे आला तर दोष मास्टरमध्ये किंवा पुशरॉडच्या मोकळिकीत. तिथे काहीच झालं नाही, पण खाली स्लेव्हचा निपल सोडल्यावर चिळकांडी उडाली, तर दाब मधल्या रबरी होजने अडवून धरलाय. जुन्या होजचा आतला थर सुजतो. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत यायला जोर नसतो. बाहेरून होज टवटवीत दिसते, त्यावर जाऊ नका. दोन्हीकडे दाब नाही आणि तरीही स्लिप आहे, तर प्लेटला तेल लागलंय किंवा प्रेशर प्लेट थकलीय. तपासणी झाली की दोन्ही जोड आवळून, हवा काढूनच गाडी हलवा.

पुशरॉडचा लॉकनट सोडून दांडा एवढाच आखूड करा की बोटांनी हलवल्यावर साधारण १ मिलिमीटर खुळखुळेल. पेडलपाशी ही मोकळीक ५-६ मिलिमीटर जाणवते. खात्री करायची असेल आणि डबी मास्टरच्या डोक्यावरच बसवलेली असेल, तर झाकण उघडून कोणाला तरी पेडल दाबून पटकन सोडायला सांगा. तेलात छोटंसं कारंजं उसळलं तर छिद्र मोकळं आहे.

राहता राहिला कासचा फुलांचा हंगाम. गाड्यांच्या रांगेत चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरली तर नवी प्लेटही एका रविवारी जळते. पुढच्याला तीन-चार गाड्यांएवढं अंतर पडू द्या, हँडब्रेकवर थांबा, मग एकदाच पुढे जा.

प्रश्न : डबीत तेल कमी दिसलं म्हणून ड्रायव्हरने पॉवर स्टीअरिंगचं उरलेलं ऑइल ओतलं. चार दिवसांत पेडल खालून वर येईना. आता तेल बदललं तर चालेल ना?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही चालणार. आणि गाडी आज हलवू नका.

घोळ नावाचा आहे. ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण डॉट ३ आणि डॉट ४ ही मुळात ग्लायकॉलवर आधारित द्रव्यं आहेत, त्यांत खनिज तेल नसतं. त्यांना चालणारं रबर खनिज तेलात सुजतं. इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंग ऑइल, साधं ग्रीस, डिझेल, सगळ्यांचा परिणाम तोच. झाकणाखालचं रबर काढून बघा. ते मऊ, फुगलेलं, जागेवर परत न बसणारं झालं असेल तर आतल्या सगळ्या वायसरांचंही तेच झालंय.

मास्टरचं किट, स्लेव्हचं किट, रबरी होज, झाकणाचं रबर हे सगळं बदला. एकही जुनं रबर ठेवलं तर त्यात मुरलेलं तेल नवं बिघडवतं. लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन हवेने कोरडा करा, मग ताजं ब्रेक ऑइल पाव लिटर तरी वाहू द्या.

हलवू नका म्हटलं ते यासाठी की कित्येक गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेकच्या डबीच्या कुशीतून एक नळी मास्टरकडे येते. तुमची तशी असेल तर ते ऑइल ब्रेकमध्येही गेलंय, आणि ब्रेकचीही सगळी रबरं बदलावी लागतील. खर्च टोचेल, पण इथे काटकसर नको.

नवं घेताना डबीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घ्या. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि हे द्रव हवेतून पाणी शोषतंच. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं आणि फोडून अर्धवट ठेवलेला डबा पुढच्या पावसाळ्यात वापरायचा नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच. एका टिंबाचा फरक आहे, दुकानात डोळे उघडे ठेवा.

प्रश्न : पुराच्या पाण्यात दोन दिवस उभी राहिलेली गाडी चार महिने तशीच होती. इंजिन सुरू झालं, पण एकही गिअर पडत नाही. इंजिन बंद असताना सगळे पडतात. स्लेव्हचा दांडा १५ मिमी सरकतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : दांडा चांगला सरकतोय, म्हणजे तेलाची बाजू सुटली. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. पण आधी इंजिन बंद करा आणि गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शिअल यांचं तेल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ते काढून नवं भरल्याशिवाय पुढचं काही करू नका. इंजिन ऑइलही तसंच.

पेडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवून क्लच रात्रभर दाबून ठेवा. कधी एवढ्यानेच सुटतो. नाही सुटला तर इंजिन पंधरा मिनिटं गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात, पुढे किमान चाळीस मीटरमध्ये माणूस-जनावर नसताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि स्टार्टर मारा. गाडी चालायला लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, मध्येच ब्रेकला टोचा. "खट्" असा आवाज येऊन इंजिन मोकळं होतं. तीन-चार प्रयत्नांत झालं नाही तर थांबा.

सुटला तरी आमचा सल्ला गिअरबॉक्स उतरवण्याचाच. पाटणच्या वाचकांना नको म्हटलं, तुम्हाला करा म्हणतो. कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक. तो रिलीज बेअरिंगमध्ये, पायलट बेअरिंगमध्ये आणि शाफ्टच्या दात्यांत बसतो, आणि वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. दोन्ही बेअरिंग बदला, फ्लायव्हीलचा गंज जास्त असेल तर लेथवर फेसिंग करून घ्या. जुनं रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन परत टाकायची सवय आहे काहींना. त्यातलं ग्रीस कायमचं भरलेलं असतं, धुतलं की गेलं.

प्रश्न : क्लच दाबला की घर्र आवाज, सोडला की बंद. कुठलं बेअरिंग?
— एक वाचक, विटा

उत्तर : रिलीज बेअरिंग. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलला पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडल तळाला, गिअर टाकलेला, गाडी उभी, तेव्हाच आवाज येत असेल तर पायलट.

प्रश्न : बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल ठिबकतं. भोक बुचाने बंद करू का?
— एक वाचक, मेढा

उत्तर : अजिबात नको. ओढा-नदीच्या खोल पाण्यात जाण्यापुरतं बूच लावायचं, बाहेर आलात की काढायचं. एरवी बूच राहिलं तर तेच तेल आत साठून प्लेटवर चढतं.

काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि ठिबकणारे चार थेंब त्यात सोडा. पाण्यात विरघळून गेले तर ब्रेक ऑइल. तुमच्या गाडीत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असेल तर तो गळतोय, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. वर तरंगले तर बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, इनपुट शाफ्टचं सील. काळं, पातळ आणि डिझेलसारखा वास म्हणजे इंजिन ऑइल, क्रँकचं मागचं सील.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर पेडल एकदम तळाला गेलं. ओढून आणावी लागली. तिथून क्लचशिवाय गाडी आणता आली असती का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आली असती, पण आधी ब्रेक तपासून. डबी सामायिक असेल तर क्लचची नळी ब्रेकच्या छिद्रांपेक्षा वर असते, म्हणून गळतीत पहिला जीव क्लचचा जातो. पातळी त्याही खाली गेली असेल तर घाट उतरायचा नाही. ओढून आणलीत तेच बरोबर.

ब्रेक पक्के असतील तर इंजिन बंद करून लो रेंज (ट्रान्स्फर केसचा सावकाश, जोरदार गिअर), पहिला गिअर, आणि स्टार्टर. लो रेंजमध्ये गाडी इतकी सावकाश सुटते की स्टार्टरला त्रास होत नाही. फक्त समोर जागा मोकळी हवी. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या गाडीत पेडल दाबूनच ठेवा. मातीवर असंच चला. डांबर लागलं की पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये चारही चाकं जोडलेली ठेवून वळणं घेऊ नका, ट्रान्समिशन पिळवटतं. पुढच्या हबना हाताने फिरवायचे लॉक असतील तर ते मोकळे करा. मग लिव्हर लो रेंजमध्ये असली तरी ओढतात मागचीच चाकं. असे हब नसतील तर डांबरावर येण्याआधी थांबून लिव्हर टू-व्हील हायला घ्या आणि सपाटीवरच, पहिल्या गिअरमध्ये, पुन्हा स्टार्टरने निघा.

वरचा गिअर टाकायचा तर ॲक्सिलरेटर सोडा, न्यूट्रलला आणा, क्षणभर थांबून इंजिनचा आवाज उतरला की हलक्या हाताने पुढे ढकला. करकरलं तर जोर लावू नका, पुन्हा न्यूट्रल. थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधी न्यूट्रल, आणि निघताना परत इंजिन बंद, पहिला, स्टार्टर. ठोसेघरहून सज्जनगडाकडे उतरताना मात्र गिअर बदलायचाच नाही: वरच दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि तळाशी येईपर्यंत तोच.